सूत्रं पाठ आहेत, पण क्षेत्र दिसत नाही

पत्र: मॅडम, मी मूळची बार्शीजवळच्या एका गावातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. बारावीला फिजिक्समध्ये चांगले मार्क होते, सीईटीही बरी गेली, आणि आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. इलेक्ट्रिसिटी आणि मॅग्नेटिझमच्या पहिल्या चाचणीत मला २० पैकी ६ मिळाले. सूत्रं सगळी पाठ होती. पण गाउसच्या नियमात हवेत काढलेला तो गोल येतो कुठून, विभव शून्य असताना तिथे क्षेत्र कसं असू शकतं, लेन्झच्या नियमातलं उणे चिन्ह कशासाठी, हे मला कळतच नाही. वर्गात विचारायची लाज वाटते, कारण प्रश्न इंग्रजीत नीट मांडता येत नाही. रूममेट म्हणते, मागच्या वर्षांचे पेपर सोडव, समजून घ्यायच्या फंदात पडू नकोस. मी चुकीच्या जागी आलेय का? ब्रांच बदलू की घरी परत जाऊ?

उत्तर:

घरी परत जायचं नाही. ब्रांच बदलायचा विचारही एका चाचणीवरून करू नकोस. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. तू जे तीन प्रश्न लिहिलेस, ते मी शिकवत होते त्या सगळ्या वर्षांत दर वर्षी वर्गात असायचेच, पण ते तोंडाने विचारणारी मुलं मोजकी होती. बाकीची सूत्र लिहून पुढे जायची आणि तिसऱ्या वर्षी मोटर आणि ट्रान्सफॉर्मरपाशी अडायची. तू पहिल्याच सत्रात अडलीस, हे बरं झालं.

झालंय काय, ते सांगते. बारावीपर्यंत तुला दोन प्रभार दिले जायचे, अंतर दिलं जायचं आणि बल विचारलं जायचं. कूलॉमचं सूत्र, आकडे घाल, चार पर्यायांतला एक निवड. आता प्रश्न बदलला. आता विचारतात, या प्रभारामुळे सगळ्या जागेत काय होतं? जिथे काहीच ठेवलेलं नाही, तिथेसुद्धा? या ‘काहीच नसलेल्या जागेत’ काहीतरी आहे, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की हा विषय उलगडतो. त्यालाच आपण क्षेत्र म्हणतो. तुला सूत्र येतं, पण ते ज्याच्याबद्दल आहे ते क्षेत्र तुला अजून कोणी दाखवलेलं नाही.

ही कल्पना ज्याने मांडली त्याच्याबद्दल थोडं सांगते. मायकल फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत होता. १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून लागला. त्याला वरच्या दर्जाचं गणित येत नव्हतं आणि ते त्याला ठाऊक होतं. म्हणून तो चित्रांनी विचार करायचा. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला की ज्या रेषा उमटतात, त्या त्याच्या दृष्टीने नुसती नक्षी नव्हती. जागेत खरोखर काहीतरी ताणलेलं आहे, असं तो मानायचा. पुढे मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने याच चित्रांना गणिताची भाषा दिली. तुझ्या पुस्तकातलं मधोमध गोल काढलेलं ते इंटिग्रल तिथून आलंय. चित्र आधी आलं आणि गणित नंतर, हा क्रम लक्षात ठेव. तुला शिकवताना तो उलटा झाला.

आता गाउसचा गोल.

दिवाळीत तुमच्या दारात आकाशकंदील लागत असेल. आत एक दिवा, बाहेर कागद. समज, कागद इतका पातळ आहे की प्रकाश अजिबात अडत नाही. कंदील लहान असो, मोठा असो, चांदणीचा असो की डब्यासारखा. दिव्याचा जेवढा प्रकाश आहे, तेवढा सगळा कागदातून बाहेर पडणारच. मोठ्या कंदिलावर तो विरळ होऊन पडेल, पण एकूण तेवढाच. आता दिवा कंदिलाच्या बाहेर, शेजारच्या खांबावर टांग. त्याचा प्रकाश कंदिलात एका बाजूने शिरेल आणि दुसऱ्या बाजूने निघून जाईल. आत आला तेवढाच बाहेर गेला, हिशेब शून्य. दिव्याच्या जागी प्रभार ठेव आणि प्रकाशाच्या जागी क्षेत्ररेषा, की झाला गाउसचा नियम. बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स, म्हणजे त्यातून जाणाऱ्या क्षेत्ररेषांचा हिशेब, हा आतला प्रभार भागिले एप्सिलॉन नॉट (हा एक ठरलेला स्थिरांक) एवढा असतो. कंदिलाचा कागद तू तुझ्या सोयीने लावायचा. हवेतला गोल असा येतो. तो निसर्गात नाहीच. मोजणी करायला आपण लावलेला कागद आहे तो.

एक काळजी घे. बाहेरच्या दिव्यामुळे एकूण हिशेब शून्य झाला, म्हणून कंदिलाच्या आत अंधार आहे असं नाही ना? तसंच एकूण फ्लक्स शून्य म्हणजे क्षेत्र शून्य, असं लिहायचं नाही. तुझ्या चाचणीत हा प्रश्न असेल तर निम्म्या वर्गाचे मार्क इथेच गेले असतील. नियम फक्त एकूण बेरीज सांगतो. त्या बेरजेवरून एका बिंदूवरचं क्षेत्र काढायचं असेल तर कागदाच्या प्रत्येक भागावर प्रकाश सारखा पडायला हवा, म्हणजे सममिती हवी. बिंदूप्रभाराभोवती गोल, लांब सरळ तारेभोवती नळकांडं. प्रभार वाकडातिकडा पसरलेला असेल तर नियम खराच राहतो, पण तुझ्या कामाचा राहत नाही.

हे पचलं की नाही ते पाहायला एकच गणित देते. घनाच्या बरोबर कोपऱ्यावर प्रभार क्यू ठेवलाय, तर घनातून बाहेर पडणारा फ्लक्स किती? सूत्र पाठ असलेली मुलं इथे थबकतात, कारण प्रभार आत आहे की बाहेर तेच ठरत नाही. तू खोकी रच. एका कोपऱ्याभोवती तशीच आठ खोकी बसतात. चार खाली, चार वर. आता प्रभार मोठ्या खोक्याच्या मधोमध आला. एकूण फ्लक्स क्यू भागिले एप्सिलॉन नॉट, आणि आपल्या खोक्याचा वाटा त्याचा आठवा हिस्सा. आणखी पुढे जा. प्रभाराला टेकलेल्या तीन बाजूंमधून काहीच बाहेर पडत नाही, कारण रेषा त्या बाजूंना लगटून जातात. मग तो आठवा हिस्सा उरलेल्या तीन बाजूंत सारखा वाटला गेला, प्रत्येकीला चोविसावा. एकही इंटिग्रल सोडवावं लागलं नाही. हे स्वतः कागदावर खोकी काढून कर, माझं वाचून सोडून देऊ नकोस.

दुसरा प्रश्न विभवाचा. विभव म्हणजे उंची आणि क्षेत्र म्हणजे उतार, एवढं धरून चाल. धन प्रभार हा डोंगर, ऋण प्रभार ही दरी. धन प्रभार ठेवला तर तो उताराकडे घरंगळतो. आता समान धन आणि ऋण प्रभारांच्या बरोबर मध्ये उभी राहा. एकीकडे डोंगर, दुसरीकडे दरी, आणि तू घाटातल्या रस्त्यावर मध्येच. तिथली उंची शून्य धरली आहे, पण पायाखाली उतार किती तीव्र! विभव शून्य, क्षेत्र मात्र चांगलंच आहे. उंचीचा शून्य कुठे धरायचा हे माणूस ठरवतो. उतार माणसाच्या ठरवण्यावर नसतो.

उलट बाजूही बघ. दोन समान धन प्रभार घे. म्हणजे दोन शिखरं, आणि त्यांच्यामध्ये काय असतं? खिंड. खिंडीत उभी राहिलीस की दोन्ही हातांना चढ, पुढे-मागे उतार, पण पायाखालची जागा सपाट. उंची आहे, उतार नाही. विभव आहे, क्षेत्र शून्य आहे. पुस्तकात याला ‘सॅडल पॉइंट’ म्हणतील. घोड्याच्या खोगिरावरून आलेला शब्द आहे. आपल्याला सह्याद्रीतली खिंड जास्त ओळखीची, आणि परीक्षेत गोंधळ झाला की तीच आठव.

विभवाच्या अभ्यासात मुलं विजेच्या वेगाबद्दलही एक गैरसमज घेऊन बसतात, तो इथेच काढते. बटण दाबलं की दिवा लगेच लागतो, म्हणून इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावतात, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करून बघ. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे ८.५ गुणिले १०चा २८वा घात. तार एक चौरस मिलिमीटर जाडीची, धारा एक अँपिअर. इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकण्याचा वेग येतो सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर. एक मीटर तार पार करायला पावणेचार तासांहून जास्त! आणि घरातली धारा तर सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, म्हणजे ते इलेक्ट्रॉन जागच्या जागी हेलकावेच घेतात. लगेच पोचतं ते क्षेत्र. भरलेल्या नळीत एका टोकाने पाणी ढकललं की दुसऱ्या टोकाने लगेच बाहेर येतं, पण ते तू आत घातलेलं पाणी नसतं. हा आकडा स्वतः काढलास त्या दिवशी ‘क्षेत्र’ हा शब्द तुला पुस्तकातला वाटणार नाही.

चुंबकत्वाला हात लावण्याआधी एक छोटा प्रयोग कर. साधं होकायंत्र आण, स्टेशनरीच्या दुकानातलं चालेल. त्याच्यावर, सुईच्या दिशेतच, एक तार धर आणि तारेची टोकं दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकव. क्षणभरच, कारण तार तापते आणि सेल उतरतो. सुई झटक्यात वळते. १८२० मध्ये कोपनहेगनला ऑर्स्टेडने हेच पाहिलं, आणि वीज आणि चुंबक यांचं नातं आहे हे पहिल्यांदा पक्कं झालं. आता आकडा: सरळ तारेतून एक अँपिअर गेला तर एक सेंटीमीटरवर क्षेत्र २० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). आपल्याकडे सुईला उत्तरेकडे धरून ठेवणारं पृथ्वीचं आडवं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या जवळपास. दोन्ही काटकोनात, म्हणून सुई साधारण २७ अंश वळायला हवी. तुझी किती वळते ते बघ आणि त्यावरून तारेतून किती अँपिअर गेले ते उलटं काढ. एका छोट्या सुईत सूत्र, दिशा आणि बेरीज तिन्ही आली.

याच गोष्टीमुळे एक अख्खी वेधशाळा मुंबईतून अलिबागला हलली, हे तुला कुणी सांगितलंय का? कुलाब्याला १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये आलेलं मोठं चुंबकीय वादळ तिथल्या नोंदींत पकडलं गेलंय आणि शास्त्रज्ञ आजही त्या नोंदींकडे वळतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. ट्रामच्या धारेचं क्षेत्र पृथ्वीच्या बारीक फरकांत मिसळलं असतं आणि इतक्या वर्षांची मालिका बिघडली असती. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली. चुंबकीय नसलेला दगड पारखून, लोखंड टाळून इमारती बांधल्या, आणि १९०४ पासून तिथे वेध सुरू झाले. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप करून जुनी मालिका नव्याशी जोडून घेतली. तुझ्या होकायंत्राची सुई हलवणारा तोच नियम तिथे आड आला होता. सुट्टीत अलिबागला जाणं झालं तर हे मनात असू दे.

आता लेन्झ आणि ते उणे चिन्ह. नियम असा: फ्लक्स बदलला की धारा उठते, आणि ती त्या बदलालाच विरोध करते. हे वाचून कळणार नाही, हाताने करावं लागेल. स्लायडिंग खिडक्या बसवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या नळीचा मीटरभर तुकडा माग. पडद्याच्या नळ्या पुष्कळदा स्टीलच्या असतात, त्या चालणार नाहीत. नळीला चुंबक लावून बघ. चिकटला तर ती नळी परत दे. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे आधी स्वतः खात्री करून घे, कारण सगळी गंमत त्यातच आहे. मग एक छोटा ताकदवान निओडिमियम चुंबक त्या उभ्या नळीत सोड. खाली हात धर. साधा खडा मीटरभर नळीतून अर्ध्या सेकंदाच्या आत हातात पडतो. चुंबक मात्र येतच नाही. वरून डोकावलीस तर तो नळीत संथपणे, जणू मधातून उतरावा तसा, खाली जाताना दिसेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो अडकला असं वाटतं.

नळी म्हणजे एकावर एक रचलेल्या बांगड्या समज. चुंबकाच्या खालच्या बांगडीतला फ्लक्स वाढतोय. तिच्यात अशी धारा उठते की येणाऱ्या चुंबकाला ती ढकलते. वरच्या बांगडीतला फ्लक्स कमी होतोय. तिच्यातली धारा जाणाऱ्या चुंबकाला मागे ओढते. खालून रेटा, वरून ओढ. आता चिन्ह उलटं असतं तर? खालची बांगडी ओढते, वरची ढकलते, चुंबकाचा वेग वाढतो, त्याने धारा वाढते, त्याने वेग आणखी वाढतो. काहीच खर्च न करता ऊर्जा मिळत राहिली असती. ते उणे चिन्ह निसर्ग ऊर्जेचा हिशेब चोख ठेवतो एवढंच सांगतं. चुंबक सावकाश उतरताना जी उंची गमावतो, त्या ऊर्जेतून नळी किंचित तापते. तुमच्या घरी इंडक्शनची शेगडी असेल तर तिच्यात पातेल्याचा तळ याच घुमणाऱ्या धारांनी तापतो. तिथे मात्र त्या तापवण्यासाठीच मुद्दाम उठवलेल्या असतात.

यातला ‘बदल’ हा शब्द पक्का धर. चुंबक वेटोळ्यात नुसता ठेवून धारा मिळत नाही, फ्लक्स बदलला तरच मिळते. फॅरडेला २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हे सापडलं: पहिल्या वेटोळ्यात धारा सुरू करताना आणि तोडताना दुसऱ्यातली सुई उडाली, मधल्या वेळात ढिम्म. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ कोलादों यांची गोष्ट ऐकून मला दर वेळी हळहळ वाटते. त्यांनी सहाएक वर्षं आधीच वेटोळ्यात चुंबक घालून पाहिला होता. पण चुंबकाचा थेट परिणाम सुईवर होऊ नये म्हणून सुई दुसऱ्या खोलीत ठेवली होती. चुंबक घालून ते त्या खोलीत जाईपर्यंत सुई परत जागेवर आलेली असायची, असं सांगतात.

अभ्यासाबद्दल आता. पुढच्या चाचणीला तीनेक आठवडे असतील. मागचे पेपर सोडव, रूममेटचं तेवढं म्हणणं ऐक. पण दिवसाला पंचवीस नकोत, तीन पुरेत. प्रत्येक गणिताला आधी कोरा कागद. प्रभार कुठे आहे, धारा कुठे आहे, क्षेत्र कुठे जास्त, कुठे कमी, दिशा कोणती, हे बाणांनी काढ. उत्तर साधारण किती यावं याचा अंदाज लिही. मग सूत्र. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर तिथेच थांब, पुढचं गणित घेऊ नकोस. ती न जुळलेली गणितं एका वहीत वेगळी ठेव. परीक्षेच्या आदल्या दिवशी फक्त तीच वही चाळ. इंटिग्रलला घाबरतेस असं तुझ्या पत्रात लिहिलेलं नाही, पण घाबरत असशील तर एवढंच: ती बेरीज आहे. छोट्या छोट्या तुकड्यांची.

आणि मराठीबद्दल. तू लाज वाटते असं लिहिलंस, ते मला सगळ्यात जास्त लागलं. दहावीला तू विभवांतर, प्रवर्तन, बलरेषा हे शब्द शिकलीस, ते तुझे आहेत. ‘विभवांतर’ या शब्दातच अंतर आहे, फरक आहे. ‘व्होल्टेज’ म्हणून ते कळत नाही. विचार मराठीत कर, वहीच्या समासात मराठीत लिही, उत्तरपत्रिकेत इंग्रजीत उतरव. वर्गात नाही विचारवलं तर तास संपल्यावर सरांच्या टेबलापाशी तो आठ खोक्यांचा कागद घेऊन जा. चित्र समोर असलं की भाषा कमी लागते, आणि विद्यार्थिनीने चित्र काढून आणलेला प्रश्न कुठल्याही शिक्षकाला आवडतोच.

नळीतून चुंबक सोडलास की किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजून मला कळव. नळीची लांबी लिहायला विसरू नकोस. आणि जमलं तर त्याच नळीला उभी चीर पाडून आणून पुन्हा मोज. वेळ वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील, हे मोजायच्या आधी लिहून ठेव आणि तो कागदही पाठव.